मखमलीवरची फुले कोणाची?

काळ्या मखमलीची वीतभर लांबीची पिशवी. कडेने रेशमी फितीची गोट, झाकणावर पांढऱ्या मण्यांची बारीक किनार आणि मधोमध एका वळणदार देठावर फुललेली तीन-चार फुले. त्यांच्याच शेजारी, त्याच देठाला लागलेली लाल फळे, एक मिटलेली कळी आणि अर्धे गडद, अर्धे फिकट हिरवे असे पान. कॅनडातील ओटावा नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्या अल्गोंक्विन स्त्रियांनी, तसेच त्यांच्या पश्चिमेला महासरोवरांच्या काठी वसलेल्या ओजिब्वे भाऊबंदांच्या स्त्रियांनी, एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात अशा पिशव्या केल्या. आज त्यांपैकी अनेक संग्रहालयांच्या काचेआड टांगलेल्या आहेत. कलेच्या इतिहासकारांनी त्यांना दीर्घकाळ 'हस्तकौशल्य' या सदरात ढकलून आपली सुटका करून घेतली. आपण ख्रिस्ती मंडळींनी तर त्याहून सोपा मार्ग पत्करला: ही फुले आमच्या धर्मभगिनींनी शिकवली, असे म्हणून त्यांचे श्रेय आपल्या पदरात टाकले. या दुसऱ्या दाव्याची तपासणी करावी आणि ती करताना मुख्यतः कलाकृतींकडेच पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम नावाविषयी थोडे. 'अल्गोंकियन' हे एका विशाल भाषाकुलाचे नाव आहे. अटलांटिकच्या किनाऱ्यापासून रॉकी पर्वताच्या पायथ्यापर्यंत त्याच्या शाखा पसरल्या आहेत. 'अल्गोंक्विन' हे मात्र एका विशिष्ट लोकांचे नाव. ते स्वतःला अनिशिनाबे म्हणवतात, ओमामिविनिनी हेही त्यांचे स्वतःचे नाव आहे. कॅनडाची संसद ज्या टेकडीवर उभी आहे तो प्रदेश त्यांचाच; कोणत्याही कराराने त्यांनी तो कधी सोडून दिलेला नाही. त्यांची सर्वांत मोठी वसाहत किटिगान झिबी ही क्वेबेक प्रांतात मानिवाकी गावाला लागून आहे. माँट्रियलजवळच्या 'दोन पर्वतांच्या सरोवरा'काठी सल्पिशियन धर्मगुरूंनी स्थापलेल्या मिशनमध्ये पूर्वी अल्गोंक्विन, निपिसिंग आणि मोहॉक हे तिन्ही लोक राहत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांतील बरेच अल्गोंक्विन उत्तरेकडे मानिवाकीला आले. तेथे ओब्लेट मिशनऱ्यांचे केंद्र होते. तेव्हा या लोकांच्या इतिहासाशी कॅथलिक ख्रिस्तसभेचा संबंध जुना आणि घट्ट आहे, हे मान्य केलेच पाहिजे. प्रश्न त्या संबंधाच्या स्वरूपाचा आहे.

धर्मभगिनींच्या श्रेयाची कथा निराधार नाही. 1639 साली मारी द लँकार्नासियों ही उर्सुलाइन भगिनी आपल्या सहकाऱ्यांसह क्वेबेकला उतरली. 2014 साली पोप फ्रान्सिस यांनी तिला संतपदी बसवले. या मठात भरतकामाची थोर परंपरा होती. वेदीची आच्छादने, मिस्सावस्त्रे यांवर रेशमाने आणि सोन्याच्या कलाबतूने फुलांचे भरघोस काम होई, आणि मठाच्या शाळेत स्थानिक मुलीही शिकत. पुढे अठराव्या शतकात याच भगिनींनी भूर्जाच्या सालीच्या डब्यांवर मूस हरणाच्या रंगवलेल्या केसांनी फुले भरून ते युरोपीय ग्राहकांना विकले. विसाव्या शतकात मारियस बार्बो या कॅनेडियन अभ्यासकाने याच आधारावर असे मांडले, की या प्रदेशातील आदिवासींच्या फुलांच्या कलेचा उगम फ्रेंच मठांत आहे. बार्बो मोठा संग्राहक होता, त्याचे परिश्रम वादातीत आहेत. परंतु त्याच्या मांडणीतील एक छोटी गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही असे वाटते. मूस हरणाचे केस आणि भूर्जाची साल ही सामग्री त्या भगिनींनी फ्रान्सहून आणलेली नव्हती. ती हाताळण्याचे ज्ञान त्यांना कोणीतरी दिले. मग शाळेत विद्यार्थिनी कोण आणि शिक्षिका कोण? निदान दोन्ही बाजूंनी काही दिले-घेतले गेले, एवढे तरी म्हणावे लागते.

आता कामाकडे वळू. मराठीत मणी 'ओवतात'. परंतु मखमलीवरच्या या कामाला केवळ ओवणे हा शब्द पुरत नाही. येथे दोन सुया आणि दोन दोरे लागतात. पहिल्या दोऱ्यात मणी ओवून ती ओळ आकृतीच्या रेषेवर पसरायची आणि दुसऱ्या दोऱ्याने दर दोन-तीन मण्यांमागे बारीक टाका घालून ती कापडाला टाचायची. म्हणजे ओवणे आणि टाचणे या दोन क्रिया एकाच वेळी चालतात. एक हात रेषेला वाहू देतो, दुसरा तिला जागेवर धरतो. मखमलीच्या लवेवर पेन्सिल चालत नाही, म्हणून कागदाची वा सालीची आकृती कापून ठेवायची किंवा पिठाच्या खळीने रेषा काढायची. मणी काचेचे, मोहरीएवढे, व्हेनिस आणि बोहेमियात बनलेले आणि फरच्या व्यापाऱ्यांमार्फत आलेले. त्यापूर्वी हेच हात साळिंदराचे काटे रंगवून, मऊ करून, कातड्यावर आणि सालीवर नक्षी करीत होते.

या तंत्राचा सौंदर्याशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांना पडेल. संबंध मूलगामी आहे. मठातील रेशमी भरतकामात एका पाकळीत गडद तांबड्यापासून फिकट गुलाबीपर्यंत रंग विरघळत जातो. टाक्यात टाका मिसळून छाया निर्माण करता येते, फूल बागेतल्या फुलासारखे गोलाईदार दिसते. मण्याला हे करता येत नाही. मणी म्हणजे एकाच रंगाचा एक कण, शेजारच्यात तो मिसळत नाही. त्यामुळे मण्यांनी फूल भरणारी स्त्री छाया सोडून देते आणि पाकळीच्या कडेला समांतर अशा ओळींमागून ओळी घालत आत येते: बाहेर पांढरी, मग गुलाबी, मग लाल, मध्यभागी पिवळा ठिपका. पाण्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या वर्तुळांसारखी ही रचना असते. तिच्यात फुलाची नक्कल नाही. ते फूल आतून बाहेर कसे वाढते, याचा आलेख आहे. वेदीच्या आच्छादनावरचे फूल खुडून ठेवलेले असते. पिशवीवरचे फूल अजून वाढत असते. दोन्ही शेजारी ठेवून पाहणाऱ्याला गुरू-शिष्येचे नाते शोधणे अवघड जाईल.

दुसरी गोष्ट देठाची. या परंपरेतील चांगल्या कामात देठ हा फुलांना आधार देणारा सेवक नसतो. सर्व रचना तोच चालवतो. तो खालून निघतो, डावीकडे झुकतो, उजवीकडे वळतो, आणि प्रत्येक वळणावर वेगळ्याच जातीचे पान, फूल वा फळ धारण करतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे अशक्य आहे. एका झाडाला चार जातींची फुले येत नाहीत, आणि फूल व पिकलेले फळ एकाच वेळी क्वचितच दिसतात. पण येथे वसंत आणि शरद एकाच देठावर आहेत. फ्रँक स्पेक या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने 1914 साली ईशान्येकडील अल्गोंकियन कलेतील 'दुहेरी वक्ररेषे'वर प्रबंध लिहिला. समोरासमोर आत वळलेल्या दोन रेषा, असा हा आकार आहे. याच स्पेकने 1941 साली किटिगान झिबीच्या लोकांच्या भूर्जसालीवरील कलेचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. हिवाळ्यात काढलेल्या सालीचा गडद थर खरवडून तेथील लोक टोपल्यांवर पाने-फुले उमटवीत. सालीवरची ती वळणे आणि मखमलीवरचे देठ यांतील नाते डोळ्यांना दिसते. वाक्यरचना घरची होती. शब्दसंग्रहात बाहेरचे काही शब्द आले, एवढेच फार तर म्हणता येईल.

आणि मखमल! या काळ्या मखमलीविषयी एका धर्मगुरूला बोलल्यावाचून राहवत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी मृतांसाठीच्या मिस्सेत काळी वस्त्रे वापरली जात, आणि ती पुष्कळदा मखमलीची असत. आमच्या पिढीने ती वेस्त्रीच्या जुन्या कपाटांत घडी घालून ठेवलेली पाहिली आहेत. आपल्या परंपरेने या कापडात मृत्यू पाहिला. अल्गोंक्विन स्त्रीने त्याच कापडात काय पाहिले? मखमलीची लव प्रकाश गिळून टाकते, त्यामुळे काचेचा मणी तिच्यावर अधिकच उजळतो. टाके लवेत बुडून अदृश्य होतात आणि फुले कशालाच न चिकटता अंधारात उभी आहेत असे वाटते. हलक्या रंगाच्या कापडावर हेच काम निर्जीव दिसते. काळ्या जमिनीची निवड ही केवळ व्यापाऱ्याच्या दुकानात जे मिळाले ते घेतले, अशी नव्हती, असे माझे मत आहे. रंगांची योजना पाहिली की ते पटते. पांढरा मणी नेमका तेथेच येतो, जेथे अंधार सर्वांत दाट आहे.

अलीकडच्या संशोधनाने वादाची दिशा पालटली. रूथ फिलिप्स या विदुषीने 1998 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ईशान्येकडील आदिवासींच्या विक्रीसाठी केलेल्या वस्तूंचा सखोल विचार केला आहे. त्यांच्या विवेचनाचा एक धागा असा: पूर्वीच्या पिशव्यांवर गरुडासारखा मेघगर्जनेचा पक्षी, पाण्याखालचा व्याघ्र अशा दिव्य शक्तींच्या आकृती असत. मिशनऱ्यांना त्या मूर्तिपूजेच्या खुणा वाटत. फूल मात्र कोणालाच खुपले नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील गोऱ्या समाजाच्या मनात फूल म्हणजे स्त्रीसुलभ शालीनता, घरगुतीपणा, सुधारणा. तेव्हा फुलांच्या आडोशाने या लोकांना आपली कला, आपला वेष आणि आपली ओळख टिकवता आली.

हे प्रतिपादन मला बार्बोपेक्षा कितीतरी अधिक ग्राह्य वाटते. तरीही त्याचा आधार घेऊन जे सैल लेखन होते, त्याविषयी तक्रार आहे. फूल हा केवळ बुरखा मानला तर बुरख्याआड काय आहे तेच शोधत बसावे लागते आणि फुलाकडे पाहायचे राहून जाते. मिशनऱ्यांना चकवण्यासाठी एखादी स्त्री हिवाळाभर डोळे फोडून हजारो मणी टाचील, हे संभवत नाही. तिला फूलच हवे होते. ओजिब्वे भाषेत मण्याला 'मनिडूमिनेन्स' म्हणतात. त्याची फोड केली तर 'दिव्य तत्त्वाचे लहानसे बी किंवा फळ' असा अर्थ निघतो. स्ट्रॉबेरीला याच भाषेत 'हृदयफळ' म्हणतात. ज्या भाषेत मणी हेच बी आहे, तिच्यात मण्यांचे फूल होणे यात लपवाछपवी कसली? जे पेरले तेच उगवले.

याउलट टोकाचाही अतिरेक टाळायला हवा. पिशवीवरची प्रत्येक वनस्पती औषधी असून जाणकाराला ती ओळखता येते, असे काही लेखक सांगतात. काही आकृती ओळखता येतात हे खरे, पण बहुसंख्य फुले कोणत्याही रानात सापडणार नाहीत. ती शिवणारणीच्या बोटांतून जन्मली आहेत आणि त्यातच त्यांचा मोठेपणा आहे. तीच गोष्ट 'नम्रतेच्या मण्या'ची. निर्दोष केवळ देव, म्हणून कारागीर मुद्दाम एक मणी चुकीच्या रंगाचा घालते, असे आज अनेक मणिकाम करणाऱ्या स्त्रिया सांगतात. आम्हा प्रवचनकारांना ही कथा फारच आवडते. पण जुन्या कामातील प्रत्येक विजोड मण्याला हा अर्थ चिकटवणे धाडसाचे आहे. कधी मणी संपतात, कधी दिव्याचा उजेड कमी पडतो.

सर्वच पिशव्या चांगल्या आहेत असेही नाही. पर्यटकांसाठी घाईघाईने केलेल्या कामात देठ कोरडा पडतो, फुले साच्यातून काढल्यासारखी दोन्ही बाजूंना सारखी येतात, रिकामी जागा भरून काढण्यासाठी मणी विखुरले जातात. शेजारच्या मोहॉक आणि टस्करोरा स्त्रियांच्या उंच उठावाच्या मणिकामाचा प्रभावही कोठे कोठे पडलेला दिसतो. त्यांचे ते काम स्वतंत्रपणे थोर आहे, पण सपाट रेषेवर जगणाऱ्या अल्गोंक्विन शैलीला तो उठाव मानवत नाही. मात्र विक्रीसाठी केले म्हणून हलके, हा निकष मी मानणार नाही. शिकारीची राने लाकूड व्यापाऱ्यांनी तोडली तेव्हा या पिशव्यांनी घरे जगवली आहेत.

आपल्या वाचकांना परिचित असलेले एक नाव येथे आठवते. 2012 साली संतपदी बसवली गेलेली कातेरी टेकाक्विथा (1656–1680) मोहॉक पित्याची आणि अल्गोंक्विन मातेची कन्या. माता बाप्तिस्मा घेतलेली होती. देवीच्या साथीने कातेरीची दृष्टी अधू झाली, तरी ती हस्तकामात निपुण होती, असे तिला ओळखणाऱ्या जेझुइटांनी लिहून ठेवले आहे. आपण तिला 'मोहॉकांची लिली' म्हणतो, युरोपीय शुचितेचे फूल तिच्या हाती देतो. तिच्या स्वतःच्या बोटांनी कोणते आकार घडवले असतील, हे विचारण्याचे आपल्याला सुचत नाही.

ही अनास्था निरुपद्रवी राहिली नाही. कॅनडातील निवासी शाळांचा इतिहास आता सर्वांसमोर आहे. सत्यशोधन आणि समेट आयोगाने 2015 साली आपला अंतिम अहवाल दिला. पोप फ्रान्सिस यांनी जुलै 2022 मध्ये तेथे जाऊन क्षमा मागितली. क्वेबेकमधील अमोस गावाजवळची शाळा 1955 ते 1973 या काळात चालली. ओब्लेट मिशनऱ्यांच्या व्यवस्थेखालील या शाळेत अनिशिनाबे मुले आईबापांपासून तोडून आणली गेली. देशभरच्या अशा शाळांत मुलींना शिवणकाम शिकवले जाई. ज्या मुलीच्या आजीला दोन सुयांचे हे काम येत होते, तिला आजीपासून दूर नेऊन सुई धरायला शिकवणे, यातील विपर्यास आता तरी आपल्या ध्यानात यावा. 'फुले आम्ही शिकवली' हे वाक्य या पार्श्वभूमीवर उच्चारले की त्याची चव बदलते.

मणी हे या लोकांत नुसते लेणे कधीच नव्हते. शंखशिंपल्यांच्या जांभळ्या-पांढऱ्या मण्यांचे वॅम्पम पट्टे हे करार होते, दिलेला शब्द होता. 1831 साली 'दोन पर्वतांच्या सरोवरा'च्या मिशनमधून असा एक पट्टा पोप सोळावे ग्रेगरी यांना पाठवला गेला. तो व्हॅटिकनच्या संग्रहात गेला. 2023 साली माँट्रियलच्या मॅककॉर्ड स्टुअर्ट संग्रहालयातील प्रदर्शनासाठी तो काही दिवस उसना आला होता. उसना, हे विशेष!

याच परंपरेतून नादिया मायर या किटिगान झिबीच्या अल्गोंक्विन कलावतीची कृती उभी राहिली. कॅनडा सरकारने 1876 साली 'इंडियन ॲक्ट' हा कायदा केला. आदिवासी कोणाला म्हणायचे ते या कायद्याने ठरवले. बाहेरच्या पुरुषाशी विवाह करणाऱ्या आदिवासी स्त्रीचा दर्जा त्याने काढून घेतला, आणि ही तरतूद 1985 पर्यंत टिकली. मायर यांनी 2000 ते 2002 या काळात दोनशेहून अधिक लोकांच्या मदतीने या कायद्याची 56 पाने मण्यांनी मढवली: अक्षरांच्या जागी पांढरे मणी, कोऱ्या जागेत लाल. कायदा वाचता येईनासा झाला. काही पाने अर्धवटच राहिली आहेत, दोरे लोंबताहेत. या कृतीत एकही फूल नाही. तरीही ती मखमली पिशव्यांच्या कुळातली आहे, कारण तिचे बळ त्याच ठिकाणी आहे: ओळीमागून ओळ, कडेला समांतर, दुसऱ्याच्या रेषेवरून स्वतःची रेषा टाचत नेण्यात. तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. कायदा काय होता हे ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाला ती केवळ लाल-पांढरी ओळींची चौकट वाटेल. पिशवीला अशा टिपणीची गरज पडत नाही.

तिला गरज आहे ती अंगाची. या पिशव्या भिंतीवर सपाट टांगण्यासाठी केलेल्या नव्हत्या. ओजिब्वे पुरुष खांद्यावरून तिरक्या घालीत त्या मोठ्या पिशव्यांचा मूळ घाट युरोपीय सैनिकांच्या काडतुसांच्या पिशवीचा. कित्येकींना उघडायला तोंडही नसे, म्हणजे काही ठेवण्याचा हेतू केव्हाच मागे पडला होता. चालताना, नाचताना पिशवी हलते आणि प्रत्येक मणी वेगळ्या क्षणी प्रकाश पकडतो. काचेआडच्या स्थिर दिव्याखाली आपण जे पाहतो ते त्या कामाचे अर्धेच रूप असते.

आणि काचेआड पिशवीशेजारी जी चिठ्ठी असते, तिच्यावर जमातीचे नाव, अंदाजे काळ आणि पुष्कळदा संग्राहकाचे नाव असते. करणारीचे नाव नसते. मारी द लँकार्नासियोंची पत्रे जपली गेली, बार्बोची टिपणे जपली गेली. उत्तर अमेरिकेतील काही संग्रहालयांनी आता 'अज्ञात कलाकार' हे शब्द काढून त्या जागी 'एके काळी ज्ञात असलेली कलावती' असे लिहायला प्रारंभ केला आहे. ही पिशवी ज्या वस्तीत शिवली गेली तेथे ती कोणाच्या हातची आहे हे शेजारणींना फुलाच्या वळणावरूनच कळत असणार.